मिश्री सोडली ती अकोल्याला

व्हिडिओवर बोलताना मी हसले की तोंडावर हात ठेवते, हे तुम्हा दोघा नातवंडांच्या लक्षात आलं होतं. धाकटीने विचारलंही, आणि मी दातांचं काहीतरी कारण सांगून विषय बदलला. ते कारण खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. आता सगळं नीट झालं आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

मी पंचेचाळीस वर्षं मिश्री लावत होते. मिश्री तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटून गाळायचं आणि ती पूड बोटाने हिरड्यांवर फिरवायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझी दाढ दुखायला लागली, तेव्हा सासूबाईंनी चिमूटभर दिली. दाढ दुखायची थांबली. मिश्री थांबली नाही.

शाळेत मी इंग्रजी शिकवायची. प्रार्थनेनंतर मुलींकडून तंबाखूमुक्तीची शपथ मीच म्हणवून घ्यायची, कारण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्या वेळी पर्समध्ये मिश्रीची डबी असायची आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे. तंबाखू म्हणजे खर्रा, विडी, पानठेल्यावर उभे असलेले पुरुष. मिश्री म्हणजे दात घासणं. इतकी वर्षं मी हे दोन वेगवेगळ्या खणांत ठेवलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर ठेचा झोंबायला लागला. जन्म वऱ्हाडात गेलेल्या बाईला ठेचा झोंबतो म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे कळायला डॉक्टर लागत नाही. आरशासमोर खालचा ओठ ओढून पाहिला. जिथे माझं बोट रोज फिरायचं, बरोबर तिथे नखाएवढा पांढरा पट्टा होता.

अमरावतीत दातांचे डॉक्टर कमी नाहीत. पण निम्म्या दवाखान्यांत माझी एखादी तरी विद्यार्थिनी भेटते. म्हणून बहिणीकडे जाते असं सांगून मी एसटीने अकोल्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च लावून बराच वेळ पाहिलं. मिश्री पूर्ण बंद केल्यापासून सहा आठवडे वाट पाहू, म्हणाले. पट्टा गेला तर बरंच. राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. तपासणीत काय निघू शकतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमच्या बाबालाही कळवलं नाही. त्याने पहिल्या विमानाचं तिकीट काढलं असतं.

शेजारच्या खोलीत व्यसन सोडवायला मदत करणारी एक समुपदेशक मुलगी बसायची. तुमच्या आत्याच्या वयाची असेल. दिवसातून किती वेळा, असं तिने विचारलं. मी दोनदा म्हणाले. तिने मान डोलावली आणि सांगितलं की हा आठवडा सोडू नका, फक्त लिहून काढा. किती वाजता, त्याआधी काय करत होतात, सोबत कोण होतं.

हे काम माझ्या हातचं होतं. मी वही आखली, लाल शाईने रकाने पाडले. आठवड्याने पाहिलं तर दिवसाला नऊ नोंदी. चहा झाला की, भांडी आवरली की, वीजबिलाची रांग संपली की. आणि तुमचा फोन ठेवला की, दर वेळी, न चुकता. घर एकदम गप्प व्हायचं आणि हात डबीकडे जायचा. ते अक्षर माझंच होतं, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता.

तिने वही वाचली आणि एकेका नोंदीसमोर दुसरं काहीतरी लिहायला लावलं. चहानंतर बडीशेप. भांड्यांनंतर लगेच ब्रश. तुमच्या फोननंतर काय, हे तिने मलाच शोधायला सांगितलं. मी संत्रं ठरवलं. सोलायचं, एकेका फोडीवरची पांढरी शीर काढायची, बिया वेगळ्या करायच्या. दहा मिनिटं तरी जातात, आणि तलफही साधारण तेवढाच वेळ टिकते असं ती म्हणाली होती. सुरुवातीला संत्र्याचा रस पट्ट्यावर झोंबायचा. तरी खाल्लं.

शेवटची सूचना होती, जवळच्या माणसांना सांगा. ती तेवढी मी पाळली नाही.

कारण जवळचं माणूस म्हणजे शेजारच्या वहिनी. त्या माहेरच्या तिवशाच्या, शेतकरी घरातल्या. मला अजून बाई म्हणतात. आमची मिश्री त्याच भाजायच्या. रोज चार वाजता त्यांच्या मागच्या पायरीवर आम्ही बसायचो, डबी मधे. संत्रीही त्यांचीच, मोर्शीजवळ भावाचा बगीचा आहे. पंचवीस वर्षांच्या बैठकीत मी अचानक हात आखडता घेतला तर काय सांगायचं? मी आधी पायदुखीचं निमित्त केलं, मग पाहुण्यांचं. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी त्या स्वतः डबी घेऊन माझ्या घरी आल्या. नको म्हटलं, तर घ्या म्हणाल्या. पुन्हा नको म्हटलं, तर रागावलात का म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. आपल्याकडचा आग्रह तुम्ही जेवणाच्या ताटावर पाहिला आहे. मी चिमूट घेतली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला फोन केला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली की एका दिवसाने बारा दिवस पुसले जात नाहीत, पण कुठे घसरलात ते लिहा. मी आग्रहाचं सांगितलं. तेव्हा तिने एक प्रश्न विचारला.

"मावशी, तुमच्याकडे असं काय आहे, जे नाही म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही?"

फोन ठेवल्यावर मला सासूबाईंचं सीताफळ आठवलं. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची अशी रीत होती. सासूबाईंनी सीताफळ सोडलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्या हातात कुणी सीताफळ दिलं नाही. गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत होतं. मला ती रीत भाबडी वाटायची. पण सासूबाईंना एकदाही नको म्हणावं लागलं नव्हतं. सोडलं, एवढ्या एका शब्दात काम झालं होतं.

त्या दिवशी चार वाजता मी स्वतःहून पायरीवर जाऊन बसले. वहिनींनी डबी उघडली.

"मी मिश्री सोडली, वहिनी."

त्यांचा हात थांबला. "सोडली म्हंजे? काशीले कधी गेल्या तुमी?"

"काशीला नाही. अकोल्याला."

"अकोल्याले कोनता देव हाय?"

मी ओठ ओढून पट्टा दाखवला. डॉक्टर, सहा आठवडे, तुकडा, बहिणीचं खोटं कारण, सगळं सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "दातवाल्याच्या खुर्चीत सोडलं, त्याले सोडनं म्हनत नाई. पण म्या आयकलं ना आता. झालं."

त्यानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही. स्वतः लावायच्या, पण उपास असलेल्या माणसासमोर आपण खात नाही तशा पाठ वळवून. चारच्या बैठकीला माझ्यासाठी बडीशेपेची वाटी आली. मला अवघड जात नव्हतं असं नाही. दुसऱ्या महिन्यातही भाजलेल्या पानाचा वास आला की जीभ आपोआप हिरडीवर जायची. पण विचारणारं कोणी नव्हतं, आणि ते अर्ध्याहून जास्त काम होतं.

एक दिवस वहिनी दुपारीच आल्या, मोबाईलची बत्ती लावून माझ्या हातात दिली आणि खुर्चीत बसल्या. "माह्या तोंडात पाहा बरं, बाई. मले एकटीले भेव वाटते." मला पट्टा दिसला नाही. पण मी डॉक्टर नाही, हेही त्यांना सांगितलं.

म्हणून त्या चिमटीनंतर नव्याने मोजलेले सहा आठवडे भरल्यावर अकोल्याच्या एसटीत आम्ही दोघी होतो. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या बोलत होत्या, पुढे मी एसटीचे थांबे मोजले. खुर्चीत मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी ओठ ओढला, टॉर्च फिरवला, पुन्हा ओढला. मग म्हणाले की तुकडा काढायची गरज नाही, काढायला काही उरलेलंच नाही. दर सहा महिन्यांनी दाखवत जा आणि पुन्हा हात लावू नका.

वहिनींच्या तोंडात काही निघालं नाही. तरी त्या मुलीने त्यांनाही वही दिली. वहिनी तिला म्हणाल्या, "लिवायचं बाईकडे. मी फक्त सांगीन." तेव्हापासून चार वाजता पायरीवर त्यांचे रकाने मी भरते. कालच्या नोंदी तीन होत्या. सात-आठवरून तीनवर आल्या आहेत. मी शाळेतल्यासारखं शेरा मारत नाही, फक्त लिहिते.

त्या दिवशी परतताना मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. वहिनी खाली उतरून मिरची भजी घेऊन आल्या. मी एक घेतलं आणि ज्या बाजूने तीन महिने काही खाल्लं नव्हतं त्या बाजूने चावलं. तिखट होतं, खूप. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं. वहिनींनी घाबरून विचारलं, झोंबते काय. मी मानेनेच नाही म्हटलं आणि दुसरं भजं उचललं. ओठाच्या आत काही झोंबत नव्हतं. जिभेला मात्र जसं लागायला हवं तसंच लागत होतं.