आज बारशात माझा ब्लाउज बोलला

मंडळी, मी बोलते आणि नात टाइप करते. मला अक्षर येत नाही, पण तोंड चालतं.

आमवाताने माझी बोटं सकाळी लाकडासारखी होतात. दोन वर्षं ब्लाउजचे हुक सूनबाईच लावते. ती ऑफिसला गेली की मी दिवसभर गाऊनमध्ये. कोणी बोलावलं की सांगायचे, "मला नाही यायचं."

आज नाहूरला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. ते मात्र सोडायचं नव्हतं. म्हणून नाक्यावरच्या टेलरला आधीच सांगितलेलं, "हुक नुसते शोभेला ठेव. आतून चपलेला असते तशी वेल्क्रोची पट्टी लाव."

तो म्हणतो, "आजी, ब्लाउज शिवू की चप्पल?"

पण शिवला हो, मऊ सुती आणि ढगळ. आज माझी मी तयार झाले. अर्धा तास लागला. लागू दे.

बारशात बाळाला पाळण्याखालून घ्यायला वाकले आणि चर्रर्र! भाची ओरडली, "अगो मावशी, साडी फाटली!"

म्हटलं, "साडी शाबूत आहे गं. ब्लाउजने तोंड उघडलं." पदराआडून पट्टी दाबली, झालं बंद.

सगळ्या हसल्या. मग दोघी जणी हळूच माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. एकीचा खांदा वर जात नाही, एकीची बोटं माझ्यासारखीच. दोघींना टेलरचा पत्ता हवा होता.

तुमच्या घरी कोणी सारखं "मला नाही यायचं" म्हणतं का? एकदा विचारा तरी, यायचं नाही, की हुक लागत नाहीत?