पाय अडवणारा शब्द

“आमचं पानी ज्यानं आडवलं, त्याचा पाय मी आडवनार,” असं जुन्नरचा कासम कागदी एकदा म्हणाला होता.

कासम हातानं कागद करी. कुटलेल्या चिंध्यांचा लगदा ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुतला, की कुठं तो पांढरा पडे. गिरणीच्या कागदानं धंदा आधीच अर्धा खाल्ला होता. त्यात कचेरीतल्या अव्वल कारकुनानं वर बांध घालून ओढा आपल्या पेरूच्या बागेकडं वळवला. मोहल्ल्यातले हौद कोरडे पडले.

तो सोपानराव वकिलांकडं गेला. “विलायतेत असल्या अंमलदाराचं काय करत्यात, राव?”

“बडा असला तर इम्पीचमेंट,” वकील म्हणाले. “लोकांच्या सभेनं आरोप ठेवायचा, सरदारांच्या सभेनं न्याय करायचा. पाच-सहाशे वर्षांची चाल आहे. शब्द आला फ्रेंचांकडून, पण मूळ लॅटिन. पायात अडकवायची बेडी. त्यावरून अडवणं, आणि पुढं आरोप ठेवणं.”

कासम खदखदून हसला. “म्हंजे विलायतेत बी आमची जमात हाय म्हना की!”

कागद्यांच्या जमातीत पंचावर आळ घ्यायचा, तर उंबऱ्याशी काढलेले त्याचे जोडे उचलून बैठकीच्या मधोमध ठेवत. जबाब दिल्याशिवाय पंचाला उठता येत नसे. ज्यांना आळ पटे, ते आपापले जोडे शेजारी आणून मांडत. कुणीच मांडले नाहीत, तर आळ घेणारा खोटा.

“अरे, ते तिकडच्या दिवाणांसाठी,” वकील म्हणाले. “आणि तिथंही एकट्याचं काम नव्हे. तू आपला अर्ज कर.”

“येकटा कुठं हाय मी? चांद हाय. सगळा मोहल्ला हाय.”

चांद त्याचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर कासमनंच त्याला वाढवलं, हौदात साचा बुडवायला शिकवलं. मशिदीच्या पायरीवर सगळ्यांनी जोडे मांडायचा शब्द दिला, तेव्हा पहिला हात चांदचा होता.

प्रांतसाहेबाचा तंबू आमराईत पडला. जोडे बाहेर काढून मोहल्ल्यातले सगळे आत गेले, अव्वल कारकूनही. कासम मात्र दाराशी वाकला, कारकुनाचे लाल पुणेरी जोडे उचलून आत आला आणि ते साहेबासमोर सतरंजीवर ठेवले. पट्टेवाला धावला. साहेबानं हातानं त्याला थांबवलं.

“हे काय आहे?”

“आळ हाय, सायेब. यानं आमचा वढा चोरला. आता बाकीच्यांचे जोडे येतील.”

कासमनं मागं पाहिलं. कुणी हललं नाही. जो तो सतरंजीची वीण पाहत होता.

“चांद,” तो हळूच म्हणाला, “आन की.”

चांद पुढं आला, पण रिकाम्या हातानं. “सायेब, पानी उन्हानंच आटलंय. रावसायबांचा काय दोष न्हाई. भाऊ जरा तापट हाय, माफी असावी.”

“शहाणा पोरगा,” कारकून मिशीत हसला. “साहेब, यंदापासून कचेरीला कागद पुरवणार तो हाच. आम्ही मुद्दाम खालच्या झऱ्याची जागा दिलीय त्याला.”

झरा! मोहल्ल्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. की कासम सोडून सगळ्यांनाच ठाऊक होतं?

“भाऊ, तुज्या बी पोटाचं बघतो मी,” चांद पुटपुटला. “दोघं मिळून करू. ह्ये काय लावलंयस?”

कासम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. बापासारखंच तोंड होतं ते.

“उचल ते जोडे,” कारकून म्हणाला. “होते तिथं ठेव.”

कासम वळला, तंबूचा पडदा बाजूला सारला आणि जोडे सतरंजीवरच सोडून बाहेर पडला.