समुद्र किती बारीक गाळायचा?

भाट्याचा किनारा अजून दिसत होता आणि इंजिनाचा अलार्म वाजला. टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात. रमजानचाचांनी इंजिन बंद केलं आणि काट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. बोट त्यांची, ती चालवणारे तांडेलही तेच. नवीन डबा कसा चालतो ते बघायला मी सोबत निघालो होतो.

"काय लातूर, नवीन डबा बसवून किती दिवस झाले?"

"नऊ, चाचा."

"जुना बारा वर्षं चालला."

मी खाली इंजिनाजवळ उतरलो.

मी मूळचा लातूरचा, रत्नागिरीत एका मरीन वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. शाळा आठवीत सुटली. समुद्र पाहिला तो थेट इथे कामाला आल्यावर. मालक बापूंनी हातात पाना दिला, काम शिकवलं, राहायला वर्कशॉपच्या मागची खोली दिली. त्यामुळे कुठल्याही बोटीचा अलार्म वाजला की मला आधी ती खोली आठवते. त्यात या वेळी बापू चाचांना सांगून बसले होते, "स्ट्रेनर हाच निवडेल. चुकला तर तुमच्या चारी बोटी दुसऱ्या वर्कशॉपला न्या." असं कुणी सांगतं का?

स्ट्रेनर म्हणजे गाळणी. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत घेतात. तळाच्या वॉल्व्हमधून ते येतं, पंपात जातं, मग कूलरच्या बारीक नळ्यांतून फिरून बाहेर पडतं. पंपाच्या आधी एक डबा असतो, त्यात जाळीची टोपली. कचरा टोपलीत अडकतो. दिसायला एवढंच.

कॅटलॉगात टोपलीच्या भोकांचे चार साइज होते. मी सगळ्यात बारीक घेतला. साखरेचा दाणासुद्धा आत जायला नको, हा माझा विचार. जितकं बारीक, तितकं इंजिन सुरक्षित. डबाही पाइपाच्या मापाचा घेतला, बरोब्बर बसला. मी खूश होतो.

आता झाकण उघडलं तर आत टोपलीच नाही.

बसवायलाच विसरलो की काय? पंप खोलला. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चक्र, त्याची दोन पाती तुटलेली आणि जाळ्याचा नायलॉनचा धागा गच्च गुंडाळलेला. गाळणीशिवाय पाणी आलं की हे होणारच. पिशवीत स्पेअर इम्पेलर होता, तो बसवू लागलो. मनात मात्र नऊ दिवसांपूर्वीचा एकेक बोल्ट पुन्हा आवळत होतो.

तेवढ्यात वरून सुऱ्याची हाक आली. सुऱ्या दाभोळचा, बोटीवर जेवण तो करतो. "भात झाला! गरम हाय तवर खावा!"

वर गेलो. भात वेळून निथळत ठेवला होता, माझ्या टोपलीत.

"सुऱ्या, ही कुठून आणलीस?"

"धुतलीय रे चांगली," तो म्हणाला. "काय सुरेख निथळतो भात. एक शीत खाली जात नाय."

"जाणार कसं? साखर जात नाही तिच्यातून!"

"पाणी तरी कुठं जात होतं?" सुऱ्या उखडला. "दर तासाला भरायची. शेवाळ, वाळू, जेलीफिश. इंजिन बंद, जाळं पाण्यात तसंच, आणि मी खाली उलटा होऊन टोपली धुतोय. शेवटी चाचाच बोलले, काढ ती."

चाचा एकदम गणपतीपुळ्याच्या दिशेला निरखून बघायला लागले.

इम्पेलर आणि टोपली बसवून आम्ही हळूहळू बंदरात आलो. धक्क्यावर बापू उभेच होते. मनात आलं, सरळ सांगावं, टोपली यांनी काढली. खोटं नव्हतं. पण सुऱ्या खाली मान घालून उभा होता, आणि उलटं होऊन टोपली धुण्याची वेळ त्याच्यावर मी आणली होती.

"बापू, जाळी मी फार बारीक घेतली. डबाही लहान पडला. म्हणून यांनी टोपली काढली."

चाचांनी लगेच संधी साधली. "बापू, लातूरचा माणूस हाय. पाणी जपून वापरायची सवय. इंजिनालापण मोजूनच दिलं त्याने!"

सगळे हसले. बापू हसले नाहीत. "ऑर्डरवर सही माझी आहे. चष्मा न लावता केली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अरे, जे पंपातून आणि कूलरच्या नळीतून आपोआप निघून जातं, ते अडवायचं कशाला? नळीत अडकेल तेवढंच अडव. आणि टोपली अर्धी भरली तरी पाणी पुरलं पाहिजे, एवढा मोठा डबा घे. समुद्र गाळून चहा करायचा नाहीये आपल्याला."

"चाचा, चारी बोटी?" मी घाबरत विचारलं.

"चारी बोटी कुठं नेऊ? तिकडं हसायला कोण मिळणार?"

दुसऱ्या दिवशी मी कॅटलॉगाआधी सुऱ्याला गाठलं. हात कुठपर्यंत पोचतो, किती वेळाने बघणं जमेल, सगळं विचारलं. मग मोठा ब्राँझचा डबा घेतला, जाडसर भोकांची टोपली, वरून कचरा दिसावा म्हणून पारदर्शक झाकण. बसवला शिडीच्या शेजारी, उभ्याने उघडता येईल असा.

टोपली अजून डब्यातच आहे. सुऱ्या रोज सकाळी ती न कुरकुरता धुतो. आता कुणी विचारलं, स्ट्रेनर कसा निवडायचा, तर मी पाइपाचं माप नंतर विचारतो. आधी विचारतो, धुणार कोण?