पाचटाचा धूर

मागच्या आठवड्यात ताईला घेऊन राहुरीहून परतताना रस्त्याकडेला कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. धूर गाडीत शिरला आणि मला लहानपणीचं आमचं मुंगूस आठवलं.

ते पिल्लू ताईला बांधावर सापडलं होतं. तिच्या ताटातली भाकरी खायचं आणि तिच्याच कुशीत झोपायचं. त्या वर्षी ऊस तुटून गेल्यावर रानात उंदीर फार झाले. उंदीर धरील म्हणून मी मुंगूस तिला न विचारताच रानात नेलं. पळून जाऊ नये म्हणून पाचटातल्या खुंटीला सुतळीनं बांधलं आणि गोट्या खेळायला गेलो. वडिलांनी त्याच दुपारी रान पेटवलं.

संध्याकाळी ताईला राखेत सुतळीचा जळका तुकडा सापडला.

"माझ्या हातनं जितं जनावर जाळलं," वडील म्हणाले. "कुणी बांधलं हुतं?"

मी खिशातल्या गोट्या मुठीत धरल्या.

"म्या," ताई म्हणाली. वडिलांनी उसाच्या कांडक्यानं तिला मारलं. मी बघत उभा होतो.

इतकी वर्षं मी ही गोष्ट बहिणीच्या मायेची म्हणून लोकांना सांगत आलो. गाडीत मात्र ती आठवली तेव्हा तोंड कडू झालं. तासाभरापूर्वीच राहुरीच्या नोंदणी कचेरीत ताईनं वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा माझ्या नावावर सोडला होता. "राजीखुशीनं सोडताय ना?" साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या शाईच्या पॅडकडं बघत राहिलो.

"व्हय," ताई म्हणाली.