लिफ्टपुढची रिकामी जागा

...आणि हे पण लिही, की तिचं खरं नाव कुणी घेतच नाही. सगळे तिला लगबग म्हणतात. दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते, घरी आली की सासूचं पथ्यपाणी, पोराचा अभ्यास, आणि वर आमच्या इमारतीची सेक्रेटरी. हौसेनं नाही हं! सेक्रेटरी निवडायच्या मीटिंगला पोचायला तिला उशीर झाला, तोवर बाकीच्यांनी तिचं नाव ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

तर लिफ्टचं ऐक. आमच्या मजल्यावर ती वीतभर वरच थांबायची. तरण्याताठ्यांना त्याचं काय, टुणकन आत. पण तुझ्या आजोबांचा पाय ऑपरेशननंतर तेवढा उचलतच नव्हता. खाली त्यांचं शिवणाचं दुकान बंद, मशीन धूळ खात पडलेलं, आणि माणूस वर खिडकीशी. बोलणंसुद्धा हं-नाहीवर आलं होतं. लिही की, थांबलास कशाला?

दर मीटिंगला लगबग लिफ्टचा विषय काढायची. चेअरमनकाका म्हणायचे, "बघू." बाकीचे म्हणायचे, "होऊन जाईल." आणि चहा पिऊन सगळे आपापल्या घरी.

कोण काय बोललं ते ती फोनवर भराभर टिपून घ्यायची, पण त्यातून कामं निवडून काढायला सवड कुठली? मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला फोनमधला तो एआय मदतनीस दाखवला. म्हणाल्या, "टिपण याला दे. कुणी काय करायचं ते वेगळं काढून देतो."

सुट्टीच्या दिवशी सासूसोबत शेंगा मोडता मोडता तिनं टिपण दिलं. यादी लगेच हजर! टाकी धुऊन घेणं, पहिल्या मजल्यावरचे मास्तर. जिन्यातला दिवा, इलेक्ट्रिशियन भाऊ. लिफ्टपुढे मात्र रिकामं. खाली लिहिलेलं, "टिपणात 'बघू' आणि 'होऊन जाईल' असं आहे, पण करणार कोण ते कुठेच नाही. 'बघू' म्हणजे होकार की नकार, तेही मला ठरवता येत नाही. अंदाजानं नाव घातलेलं नाही, विचारून घ्या."

लगबग खो खो हसायला लागली. "आई, याला 'बघू' म्हणजे काय तेच कळत नाही!"

सासू म्हणाली, "मग तुला कळलंय ना? सांग बरं, कोण करणार?"

हसू तिथल्या तिथे विरलं. तिनं मागची टिपणं उघडली. जिथं तिथं होऊन जाईल, होऊन जाईल. एका ठिकाणी तर तिच्याच तोंडचं, "बघू या आपण."

एकदा वाटलं, द्यावं चेअरमनकाकांचं नाव ठोकून. पण न विचारता कुणाच्या गळ्यात कशाला बांधायचं? तिनं यादी तशीच इमारतीच्या ग्रुपवर टाकली, रिकाम्या जागेसकट, आणि खाली विचारलं, "इथं कुणाचं नाव घालू?"

ग्रुप चिडीचूप. एरवी उठल्यासुटल्या फुलं पाठवणारी माणसं ही!

जिन्यात इलेक्ट्रिशियन भाऊनं काकांना गाठलं. "काका, माझ्यापुढे दिवा आलाय. तुमच्यापुढे काय, अंधार?"

काका लालबुंद झाले, पण मनाचे मोकळे. सरळ लगबगच्या दारात. "घाल बाई माझं नाव. आणि 'बघतो' लिहू नकोस, 'आणतो' लिही. लिफ्टचा माणूस मी आणतो."

आणला की! काम होईपर्यंत स्वतः तिथं उभे राहिले. लिफ्ट फरशीला लागून थांबली, तसा तुझ्या आजोबांनी पाय सरकवत आत टाकला आणि वळून म्हणाले, "येतो गं, दुकान उघडतो." किती दिवसांनी ऐकलं मी ते!

मशीनवर पहिलं काय शिवलं असेल? लगबगच्या फोनला पिशवी, आतून मऊ अस्तर लावून!

ती म्हणाली, "अहो, मी काय केलं? रिकामी जागा तर यानं दाखवली."

"म्हणून तर पिशवी त्याला," आजोबा म्हणाले. "तुला दवाखान्यात घालायचा कोट शिवतोय. माप देऊन जा."

आता शेवटचं, वाचणाऱ्यांसाठी. तुमच्याही इमारतीत अशी कुणी असेलच, सगळे उठून गेल्यावर टिपणं घेऊन बसणारी. तिला माझा एवढा निरोप द्या, की बाई, तू विचारलंस म्हणून आमचं माणूस खाली उतरलं. द्याल ना? 'बघू' नका म्हणू हं, 'देतो' म्हणा.