शेकाट्यासाठी बारदान

राजुरीला ओढ्याकाठची पाणथळ जागा खोदून शेततळी झाली. त्यांत प्लास्टिकचा कागद अंथरणारा एक माणूस मला नेहमी भेटतो. कागदावर अनवाणीच चालतो, बोलताना पाण्याकडे बघतो.

"लाल पायांचे शेकाटे लई व्हते इथं, पावणं. आता येकच येतो."

परवा तो एकटा शेकाट्या पक्षी तळ्याच्या काठावर उतरला आणि कागदावरून घसरत पाण्यात गेला. कसाबसा उडाला. या माणसानं कांद्याचं रिकामं बारदान काठावर पसरलं आणि वर चिखल थापला.

आज तो त्याच चिखलावर पाणी मारत होता.

"आला का?" मी विचारलं.

"येईल की."

चिखलात पावलं उमटली होती, ती फक्त त्या माणसाचीच.