पंचेचाळीस सेकंद आणि दोन्ही हात

मेधाचा फोन सकाळी पावणेसहाला आला. मेधा माझी मावसबहीण. इथे अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या दोघांच्या घरांत गाडीने दहा मिनिटांचं अंतर, पण इतक्या सकाळी ती फक्त गाडीची बॅटरी उतरली तरच फोन करते. म्हणून मी उचलल्याउचलल्या म्हणालो, "केबल घेऊन निघतोच." ती म्हणाली, "नंदू, आई गेली रे. चहा घेऊन गेले, तर..." आणि मी काही बोलायच्या आत, रडता रडताच, तिने विचारलं, "साडेसहाला तिचा क्लास आहे. मुलांना कोण सांगणार?"

मुलं म्हणजे चीनमधली सहा मुलंमुली, शाळेच्या शेवटच्या वर्षातली, आपल्याकडच्या बारावीसारखी. इथल्या विद्यापीठांत प्रवेशासाठी त्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यातल्या बोलण्याच्या भागाची तयारी माझी सुमनमावशी करून घेत असे. आमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ. नागपूरच्या मराठी शाळेत तिने उभी हयात इंग्रजी शिकवलं. काका गेल्यावर ती मेधाकडे राहायला आली, वर्षभर नातवाची स्कूलबस येईतो खिडकीत बसली, कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि एक दिवस म्हणाली, "काहून रे नंदू, मी काय इथे ड्रायरच्या सोबतीला आले का?" मग तिनेच कुठूनशी एक जाहिरात शोधून काढली. मुलाखतीसाठी लॅपटॉप लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घराण्यात आयटीवाला मीच. (आवाज बंद होता, हे मला सात मिनिटांनी कळलं.) पलीकडच्या बाईंनी अमेरिकन उच्चारांचं विचारलं, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "उच्चार हवे असतील तर माझ्या नातवाला घ्या, दहा वर्षांचा आहे. पण घाबरलेल्या मुलाला बोलतं करायचं असेल, तर ते मला येतं."

परीक्षेची रीत अशी की पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला पंधरा सेकंद मिळतात आणि बोलायला पंचेचाळीस. समोर माणूस नसतो, यंत्राशी बोलायचं. मावशीने मेधाच्या फ्रिजच्या दारावरचा, मागे चुंबक असलेला टायमर काढून आपल्या टेबलावर नेला. त्यानंतर मेधाच्या घरातला भात अंदाजाने शिजू लागला. मुलं विलक्षण हुशार होती, मला ठाऊक नसलेले शब्द सहज लिहायची. पण बोलायची ती पाठ केलेलं. प्रश्न कुठलाही असो, आत्मविश्वासाचं महत्त्व, संघभावना, आणि शेवटी एखादं अवघड विशेषण. "माझ्या नागपूरच्या पोरांचंही हेच होतं," मावशी म्हणायची. "भीती वाटली की माणूस पाठांतराच्या मागे लपतो." म्हणून ती त्यांना गोष्टी सांगे. साध्या, घरच्या. आणि घरच्या गोष्टी म्हटल्यावर त्यांत मी असणारच.

तर, दुधाची गोष्ट. कॅरीत बर्फ क्वचित पडतं, पण पडणार अशी नुसती बातमी आली तरी दुकानांतलं दूध आणि ब्रेड तासाभरात संपतं. मी इथे नवा होतो, लग्न नुकतंच झालेलं, बायकोवर छाप पाडायची होती. बातमी ऐकली आणि नऊ गॅलन, म्हणजे चौतीस लिटर, दूध घेऊन घरी आलो. बर्फ चिमूटभरही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी तर लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. मग त्या दुधाचं दही लावलं, दह्याचा चक्का उशीच्या अभ्र्यांत बांधून बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीला टांगला, आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्या घरांत श्रीखंड वाटलं. दोन दिवस आमच्या अंघोळी शेजाऱ्यांकडे झाल्या. 'घरातल्या कुणाची एखादी चूक सांगा' या सरावाच्या प्रश्नाला मावशीने हे उत्तर नमुना म्हणून सांगितलं. बरोबर पंचेचाळीस सेकंदांत. मुलं खूप हसली म्हणे. आणि हसता हसता सहाही जणांनी ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं.

परीक्षेत नेमका तसाच प्रश्न आला. सहाही मुलांनी, एकाच दिवशी, यंत्राला सांगितलं की आमच्या एका काकाने बर्फाच्या भीतीने नऊ गॅलन दूध आणलं होतं. चीनमधल्या सहा घरांत माझ्यासारखा एकेक काका जन्माला आला. एरवी मी हे मिशीला पीळ देऊन सांगितलं असतं, पण सगळ्यांचे गुण रद्द झाले. पाचजणांकडे आधीच्या परीक्षेचे बरे गुण होते. यिलिनकडे नव्हते. चष्मा लावणारी, हळू बोलणारी मुलगी, तिची ती पहिलीच परीक्षा होती. आता अर्जाची मुदत संपायच्या आत एकच तारीख उरली होती, डिसेंबरातला एक शनिवार.

मावशीने परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहिलं, की चूक मुलांची नाही, माझी आहे, तो काका माझा भाचा आहे आणि हवं तर त्याची साक्ष घ्या. मी इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला होता. नियमांचा दाखला देणारं दोन ओळींचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी मी तिचा माइक बदलायला गेलो होतो, तेव्हाचं पाहिलेलं सांगतो. क्लास सुरू झाला आणि मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली. कॅमेरा खाली, त्यामुळे पडद्यावर तिचं डोकं दिसेना, नुसता स्वेटर आणि साडीच्या निऱ्या. त्या निऱ्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी तुम्हाला माझी गोष्ट दिली, तुमची मागितली नाही. माझं चुकलं. मी माफी मागते." मी हळूच म्हणालो, "मावशी, खाली बस, डोकं कापलं जातंय." ती मराठीत म्हणाली, "माफी बसून मागतात का रे बैला?"

त्या दिवसापासून नवा नियम आला. बोलताना दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर, तळवे दाखवून. म्हणजे हातात कागद नको, पेन नको. आणि नियम सगळ्यांना, तिलाही. रोज सकाळी सहा चौकटींत बारा तळवे, सातव्या चौकटीत मावशीचे दोन. यिलिन सुरुवातीला पंचेचाळीस सेकंद नुसती गप्प बसायची. "माझ्याकडे गोष्ट नाही," ती म्हणायची. "मी फक्त अभ्यास करते." मावशी म्हणे, "मग आज शाळेतून येताना काय पाहिलंस ते सांग." "काहीच नाही." "ठीक. उद्या बघून ये." तोवर मावशीचं हृदय दमलं होतं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मेधा भांडायची. मावशीचं उत्तर ठरलेलं, "त्या पोरीचं वर्ष माझ्या श्रीखंडाने बुडालंय. शनिवार होऊ दे, मग झोपतेच." मी बाजूला उभा राहून श्रीखंड माझं होतं एवढी दुरुस्ती करत असे. हळूहळू यिलिन बोलू लागली. रस्त्यावरचं बांधकाम, जिन्यातली मांजर... शेवटच्या आठवड्यात ती वीस सेकंदांपर्यंत पोचली होती.

मावशी गेली तो मंगळवार. शनिवार चार दिवसांवर. सव्वासहाला मी मेधाकडे पोचलो, तेव्हा ती म्हणाली, "खरं सांगू नकोस. टीचरला बरं नाही म्हण. ती मुलगी कोलमडेल रे." मला पटलं. मी लिफाफ्याच्या पाठीवर इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. टीचरला ताप आहे, काळजी नको, शुभेच्छा पाठवल्यात, शनिवारी नीट बोला. दोनदा वाचून पाठही केली. मावशीच्या खुर्चीत बसलो, कॅमेरा लावला, लिफाफा टेबलाखाली गुडघ्यांवर ठेवला. पडद्यावर सहा चौकटी उघडल्या आणि कुणी न सांगता बारा तळवे वर आले. मी घसा खाकरून खाली पाहिलं. तेवढ्यात यिलिन हळू आवाजात म्हणाली, "अंकल, हात."

मी हात वर केले. लिफाफा घसरून कुठेतरी खाली पडला. आता समोर सहा मुलं, त्यांचे बारा तळवे, माझे दोन, आणि पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मला ऑफिसचं इंग्रजी येतं. 'यावर काम चालू आहे' हे मी अकरा प्रकारे सांगू शकतो. पण मावशी गेली हे सांगायला त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. शेवटी म्हणालो, "सुमन टीचर आज सकाळी गेल्या. झोपेतच. काल रात्री जेवताना त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या. मी तो दूधवाला काका." एका मुलाने चेहरा तळव्यांत लपवला. यिलिनचे हात मात्र वरच होते. मग ती म्हणाली, "अंकल, उद्या क्लास आहे ना? माझे अजून पंचवीस सेकंद बाकी आहेत."

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी मी क्लास घेतला. घेतला म्हणजे टायमर लावला आणि ऐकलं. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि माझे उच्चार ऐकून नातू दारातूनच "मामा, प्लीज, यू आर एम्बॅरसिंग आजी," म्हणून गेला. त्या वाक्याने मेधा आठवड्यात पहिल्यांदा हसली आणि मग बराच वेळ रडली.

निकाल दोन आठवड्यांपूर्वी आला. यिलिनच्या पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाला ते गुण पुरणार नाहीत, दुसऱ्याला पुरतील. तिने मेधाला लिहिलं होतं, की प्रश्न 'तुम्ही पाहिलेला एक धाडसी माणूस' असा होता. "मी सांगितलं की माझ्या शिक्षिकेने उभं राहून आमची माफी मागितली. माझी माफी मागणारं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त साडी दिसत होती. मी साडीबद्दल बोलत असतानाच वेळ संपला." मावशी असती तर म्हणाली असती, साडीवर इतके सेकंद कशाला घालवलेस पोरी... आणि ते पत्र तिने चारचौघांत वाचून दाखवलं असतं.

टायमर मेधाने मला दिला. तिच्याकडचा भात आता अंदाजानेच बरा होतो म्हणते. तो आमच्या फ्रिजच्या दारावर आहे, पंचेचाळीसवर लावलेला. गेल्या गुरुवारी पुन्हा बर्फाची बातमी आली. बायकोने बजावलं होतं, "एकच गॅलन." मी परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. "किती आणलंस?" तिने विचारलं. मी उत्तर तयार करूनच आलो होतो. टायमरकडे नजर गेली. तिच्यासमोर बसलो, दोन्ही तळवे वर केले आणि म्हणालो, "तीन. दोन गाडीत लपवलेत." चार सेकंद लागले असतील. उरलेले एकेचाळीस आम्ही दोघं मावशीबद्दल बोललो, आणि मग पुढे कितीतरी वेळ.